चाळिशीनंतर बहरलेली ल्युसी

मैत्रिणींनो, चाळिशी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? चष्मा, गुडघेदुखी आणि आता आपलं काय राहिलंय हे पालुपद! मुलं मोठी होत असतात, आरशात पहिला पांढरा केस दिसलेला असतो आणि शेजारपाजारच्या बायका वयाप्रमाणे वागायला सांगत असतात. म्हणून आज मी तुम्हाला अशा एका बाईची गोष्ट सांगणार आहे, जिचं खरं आयुष्यच चाळिशीत सुरू झालं. तोवर ती सिनेमात होती, पण तिला कुणी फारसं विचारत नव्हतं. चाळिशी गाठली आणि दोनच वर्षांत तिच्या देशातला जवळजवळ प्रत्येक टीव्ही सोमवारी रात्री तिच्यासाठी सुरू होऊ लागला.

तिचं नाव ल्युसिल बॉल. अमेरिकेतली ही विनोदी अभिनेत्री. सगळं जग तिला ल्युसी म्हणूनच ओळखतं. काळ्या-पांढऱ्या चित्रातली ती मोठ्ठाल्या डोळ्यांची बाई तोंडात चॉकलेटं कोंबतेय, हे दृश्य इंटरनेटवर तुमच्यापैकी कुणीतरी नक्की पाहिलं असेल. मी पाहिलं ते माझ्या लेकीच्या कॉम्प्युटरवर. भाषा समजायची गरजच पडली नाही. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग मला कुतूहल वाटलं, की इतकं हसवणारी ही बाई होती तरी कोण? वाचत गेले, तेव्हा कळलं की तिच्या वाट्याला हसण्यासारखं तसं थोडंच आलं होतं.

आरसा नसलेलं घर

ल्युसीचा जन्म ६ ऑगस्ट १९११ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन या छोट्या गावातला. हो, आपल्यासारखंच छोटं गाव बरं का! वडील टेलिफोन कंपनीत तारा ओढायचं काम करत. ती साडेतीन वर्षांची असताना ते टायफॉइडनं गेले. आई तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होती. त्या दिवशी घरात एक पक्षी शिरला होता, एवढंच त्या लहानग्या पोरीच्या मनात बसलं. पुढे जन्मभर तिला पक्ष्यांची भीती वाटायची. पक्ष्यांची चित्रं असलेल्या हॉटेलच्या खोलीतही ती राहत नसे.

आईनं काही वर्षांनी दुसरं लग्न केलं. नवरा-बायको कामाच्या शोधात दुसऱ्या गावी गेले आणि ल्युसीला सावत्र वडिलांच्या आई-वडिलांकडे ठेवलं. ती माणसं भलतीच कडक. नटणं-मुरडणं म्हणजे पाप, असा त्यांचा समज. घरात आरसा म्हणून नाही, होता तो एकच न्हाणीघरात. त्यात ती स्वतःला न्याहाळताना सापडली, की बोलणी बसायची. ल्युसीनं पुढे ही आठवण अनेकदा सांगितली. मला तर वाटतं, चेहरा हवा तसा वेडावाकडा करायला न लाजणारी ही बाई त्या आरसा नसलेल्या घरातच तयार झाली असावी. आपण सुंदर दिसतो की नाही, ही काळजी तिनं कधी कॅमेऱ्यासमोर आणलीच नाही.

तिला खरी माया लावली ती आईच्या वडिलांनी. हे आजोबा तिला नाटकं दाखवायला, जत्रेत फिरवायला नेत. पण १९२७ मध्ये त्यांच्याच अंगणात आक्रीत घडलं. मुलं बंदुकीनं नेम मारायला शिकत होती, आजोबा लक्ष ठेवून होते. तेवढ्यात शेजारचा एक मुलगा मध्ये आला. गोळी त्याच्या पाठीत लागली आणि तो कायमचा पांगळा झाला. कोर्टकचेरी झाली आणि ल्युसीच्या कुटुंबाचं राहतं घर गेलं. आजोबा त्यातून मनानं कधी सावरले नाहीत.

ही नटी होणार नाही!

त्याआधीच ल्युसी न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत जाऊन आली होती. तिच्याच वेळी तिथे बेटी डेव्हिस शिकत होती, ती पुढे हॉलिवूडची मोठी नायिका झाली. शाळेत सगळ्यांच्या तोंडी तिचंच कौतुक. आमची ल्युसी मात्र तोंडच उघडत नसे. शेवटी शिक्षकांनी आईला कळवलं, की ही मुलगी फार बुजरी आहे, फुकट वेळ आणि पैसा घालवू नका. झालं! पोरगी घरी परत.

दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती. ही पुन्हा न्यूयॉर्कला गेली, तयार कपड्यांच्या बड्या दुकानात मॉडेल झाली. तिथे सांध्यांच्या दुखण्यानं अशी धरली, की जवळजवळ दोन वर्षं तिला नीट चालता येईना. पुन्हा गावी, पुन्हा आईच्या दारात. विशीसुद्धा ओलांडली नव्हती हो! पाय जरा बरे झाले तशी ती तिसऱ्यांदा न्यूयॉर्कला निघाली.

१९३३ मध्ये एका सिनेमात नाचणाऱ्या मुलींचा ताफा हवा होता. त्यातली एक मुलगी ऐनवेळी गळाली आणि ल्युसीला तिची जागा मिळाली. अशी ती हॉलिवूडला पोचली. म्हणतात, की एका दृश्यात कुणाच्या तरी तोंडावर चिखल उडायचा होता. बाकीच्या सुंदऱ्यांनी नाकं मुरडली, हिनं आपणहून तोंड पुढे केलं. पुढची सतरा-अठरा वर्षं ती सिनेमे करत राहिली. कधी गर्दीतला चेहरा, कधी नायिकेची मैत्रीण, कधी हलक्या बजेटच्या सिनेमाची नायिका. १९३७ च्या ‘स्टेज डोअर’मध्ये ती कॅथरीन हेपबर्न आणि जिंजर रॉजर्स या दोघींबरोबर होती, पण नाव झालं ते त्या दोघींचं. मूळचे तपकिरी केस तिनं मोठ्या स्टुडिओच्या सांगण्यावरून लालभडक करून घेतले. तिची पुढची सगळी ओळख त्याच रंगाची झाली. गंमत अशी, की तिला ज्या मालिकेनं अमर केलं ती होती काळी-पांढरी!

याच काळात तिला एक गुरू भेटला. मूकपटांच्या जमान्यातला थोर विनोदवीर बस्टर कीटन. त्याचे दिवस फिरले होते आणि तो स्टुडिओत पडेल ते काम करत होता. साध्या वस्तू हाताळून हशा कसा काढायचा, हे तिनं त्याच्याकडून शिकून घेतलं. दिवस फिरलेल्या माणसाकडूनही शिकायला तिला कमीपणा वाटला नाही.

नवरा घरी राहावा म्हणून

१९४० मध्ये एका सिनेमाच्या वेळी तिची गाठ देसी आर्नाझशी पडली. नाव देसी असलं तरी हा गडी क्युबाचा. वाद्यवृंद चालवणारा, देखणा, ल्युसीपेक्षा साडेपाच वर्षांनी लहान. भेट झाली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला दोघांनी लग्न उरकूनही टाकलं. हे सहा महिनेही टिकायचं नाही, अशी कुजबूज लोकांनी केलीच. आपल्याकडे काय वेगळं होतं?

संसार मात्र सोपा नव्हता. देसी वाद्यवृंद घेऊन गावोगाव फिरायचा, ल्युसी स्टुडिओत अडकलेली. दोघांच्या वेळा जुळत नसत. त्यातून त्याचं बाहेरख्यालीपण आणि दारू. १९४४ मध्ये तिनं घटस्फोटाचा अर्ज केला आणि मग पुन्हा समेट केला. मूल हवं होतं, पण गर्भ टिकत नव्हता. हे दुःख कुणाला सांगता येत नाही. ज्या मैत्रिणी त्यातून गेल्यात त्यांना वेगळं सांगायला नको.

१९४८ पासून ती रेडिओवर एका बावळट, गोड बायकोचं काम करत होती आणि ते लोकांना आवडत होतं. रेडिओ कंपनीनं ठरवलं, की हेच आता टीव्हीवर आणू या. ल्युसीनं अट घातली, की टीव्हीवरचा नवरा माझा खराच नवरा असेल. कंपनी म्हणाली, अशा परक्या धाटणीचं इंग्रजी बोलणारा नवरा अमेरिकन प्रेक्षकांना पटायचा नाही. ल्युसीला तर त्याला गावोगाव भटकण्यातून सोडवून घरी आणायचं होतं. संसार वाचवायचा तर एकाच ठिकाणी, एकत्र काम हवं, इतका साधा बायकी हिशेब! मग १९५० मध्ये दोघांनी आपलाच एक कार्यक्रम बसवला आणि शहरोशहरी रंगमंचावर करून दाखवला. लोक हसले, टाळ्या पडल्या. कंपनीला मान्य करावं लागलं. दोघांनी आपल्या नावांची सांगड घालून स्वतःची संस्था काढली, देसिलू.

१५ ऑक्टोबर १९५१ ला ‘आय लव्ह ल्युसी’ सुरू झाली. त्याच ऑगस्टमध्ये ल्युसीनं चाळिशी पूर्ण केली होती आणि जुलैत तिला पहिली मुलगी झाली होती. तान्ही लेक घरात आणि नवी मालिका दारात! कशी निभावली असेल, कल्पना करा.

हजार डॉलर कमी, पण मालकी आपली

आता एक व्यवहाराची गोष्ट सांगते, ती आपण सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेव्हा टीव्हीचे बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट दाखवले जात. दूरच्या शहरांना पाठवायची प्रत पडद्यावरून टिपलेली, म्हणजे अगदी धुरकट. ल्युसी आणि देसीला मात्र हॉलिवूडमधलं घर सोडायचं नव्हतं. तोडगा असा निघाला, की मालिका सिनेमाच्या फिल्मवर चित्रित करायची, समोर प्रेक्षक बसवायचे आणि एकाच वेळी तीन कॅमेरे लावायचे. छायालेखक कार्ल फ्रॉइंड या जर्मन उस्तादानं प्रकाशयोजना बसवून दिली. तीन कॅमेरे आणि समोर प्रेक्षक ही पद्धत पुढे जगभरच्या विनोदी मालिकांनी उचलली.

यात खर्च वाढला. कंपनी म्हणाली, तुम्ही पगार कमी घ्या. दोघांनी आठवड्याला हजार डॉलर कमी घ्यायचं कबूल केलं आणि बदल्यात मागितली त्या चित्रफितींची मालकी. एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण बघणार, असा तेव्हाचा समज, त्यामुळे कंपनीनं ती देऊन टाकली. पण लोकांनी त्या पुन्हा पाहिल्या, पुन्हा पुन्हा पाहिल्या! पुढे ते हक्क त्याच कंपनीला मोठ्या किमतीला विकून आणि कर्ज काढून देसिलूनं आरकेओ हा अख्खा स्टुडिओ विकत घेतला. हा तोच स्टुडिओ, जिथे ल्युसी कधी काळी पगारावर छोटी-मोठी कामं करत होती. हातात येणाऱ्या नोटांपेक्षा नावावर असलेली वस्तू मोठी, हे आपल्या आज्या दागिन्यांच्या बाबतीत सांगायच्या. तोच हा धडा.

मालिकेतली ल्युसी तुमच्या-आमच्यासारखीच एक गृहिणी. नवरा वाद्यवृंद चालवतो, हिलाही स्टेजवर यायचंय आणि तो येऊ देत नाही. मग ही शेजारीण आणि घरमालकीण असलेल्या एथेलला बरोबर घेऊन काहीतरी उपद्व्याप करते आणि फजिती होते. चॉकलेटचा तो प्रसंग १९५२ चा. दोघी कारखान्यात कामाला लागतात. सरकत्या पट्ट्यावरून येणारं प्रत्येक चॉकलेट कागदात गुंडाळायचं. पट्टा धावू लागतो आणि यांचे हात पुरेनात. मग चॉकलेटं तोंडात, टोपीत, ब्लाउजमध्ये! एकीकडे कुकरची शिट्टी, दुसरीकडे दारावर दूधवाला आणि मुलाची रिक्षा आलेली, ही आपली सकाळ आठवा. त्या पट्ट्यापुढे आपण सगळ्याच उभ्या असतो की नाही?

हे सगळं सहज वाटतं, पण त्यामागे घासूनपुसून केलेली तालीम असे. ल्युसी ऐनवेळी सुचेल ते करणारी नव्हती. लेखन करणाऱ्यांत मॅडलिन प्यू नावाची एक तरुणी होती. त्या काळात ते पुरुषांचंच काम. ती बायकांना जमतील का हे पाहायला करामती आधी स्वतः करून बघायची. एथेलचं काम करणारी व्हिव्हियन व्हॅन्सही तितकीच ताकदीची. टाळी दोन हातांनीच वाजते, तसं या दोघींचं.

जो शब्द उच्चारायचा नव्हता

१९५२ मध्ये ल्युसीला पुन्हा दिवस राहिले. आता काय? टीव्हीवर गरोदर बाई दाखवणं तेव्हा अशोभनीय. टेबलामागे, खुर्चीमागे पोट लपवा, असा सल्ला मिळाला. ल्युसी-देसीनं ठरवलं, की मालिकेतल्या ल्युसीलाही दिवस जातील. कंपनी कशीबशी तयार झाली, पण गरोदर हा शब्द तोंडातून काढायचा नाही! प्रत्येक भागाची संहिता कॅथलिक धर्मगुरू, प्रोटेस्टंट धर्मगुरू आणि ज्यू धर्मगुरू अशा तिघांना दाखवली गेली. कुणालाच त्यात वावगं आढळलं नाही.

ही बातमी मालिकेतल्या नवऱ्याला सांगायचा प्रसंग चित्रित करताना दोघांचेही डोळे खरोखरच भरून आले. आधीच्या गमावलेल्या बाळांची आठवण असणार. विनोदी मालिकेतले ते खरे अश्रू तसेच ठेवले गेले. १९ जानेवारी १९५३ ला मालिकेतल्या ल्युसीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी दवाखान्यात खऱ्या ल्युसीलाही! ऑपरेशनची तारीख ठरवूनच घेतली होती. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचा शपथविधी होता. तो पाहणारे होते सुमारे २ कोटी ९० लाख. एका बाळंतपणानं राष्ट्राध्यक्षांना मागे टाकलं, बायांनो!

त्याच वर्षी सप्टेंबरात संकट आलं. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्ट शोधून काढायची लाट होती. नुसत्या संशयावरून कलावंतांची कामं जात होती. ल्युसीनं १९३६ मध्ये मतदार म्हणून कम्युनिस्ट पक्षाच्या नावानं नोंदणी केल्याचं उघड झालं. तिनं चौकशी समितीला सांगितलं, की ते केवळ म्हाताऱ्या आजोबांचं मन राखायला केलं होतं. घर गमावलेले, समाजवादी विचारांचे तेच आजोबा. पुढच्या चित्रीकरणाच्या आधी देसीनं प्रेक्षकांपुढे तिची बाजू मांडली आणि तिचे केस सोडून तिच्यात लाल असं काही नाही, आणि तेही रंगवलेलेच, अशी कोटीही केली. प्रेक्षक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. ती वाचली.

संसार मोडला, काम नाही

१९५७ मध्ये, सहा वर्षांनी, ही मालिका पहिल्या क्रमांकावर असतानाच थांबली. त्यानंतर तासाभराचे काही भाग झाले ते १९६० पर्यंत. पण ज्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला होता, तो संसार काही वाचला नाही. शेवटच्या भागातलं प्रेमानं जवळ येणं चित्रित झालं आणि लगेच ल्युसीनं घटस्फोटासाठी अर्ज केला. मे १९६० मध्ये तो मिळाला. सगळ्या देशाला सुखी जोडपं दाखवणाऱ्या घरात आत काय चाललं होतं, हे बाहेर कुणाला कळलं नव्हतं. मला हे वाचताना फार वाईट वाटलं. नवरा घरी यावा म्हणून तिनं एक अख्खा उद्योग उभा केला. उद्योग टिकला, नवरा नाही.

१९६१ मध्ये तिनं गॅरी मॉर्टन या विनोदी कलाकाराशी लग्न केलं, ते शेवटपर्यंत टिकलं. १९६२ मध्ये तिनं देसीचा हिस्सा सुमारे २५ लाख डॉलरला विकत घेतला आणि देसिलूच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीत बसली. हॉलिवूडमधल्या एवढ्या मोठ्या स्टुडिओची सूत्रं बाईच्या हातात असणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. दिवसा कॅमेऱ्यासमोर टोपीतून पडायचं आणि मग जमाखर्चाचे कागद वाचायचे! ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन: इम्पॉसिबल’ या दोन महागड्या मालिकांना तिच्या संचालकांचा विरोध होता. तिनं होकार दिला. दोन्ही १९६६ मध्ये सुरू झाल्या आणि त्यांच्यावरचे सिनेमे आपली मुलं अगदी अलीकडेपर्यंत बघत आली. १९६७ मध्ये तिनं स्टुडिओ सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरला विकून टाकला.

अभिनय मात्र चालूच. १९६२ च्या ‘द ल्युसी शो’मध्ये ती विधवा झाली आणि व्हिव्हियन घटस्फोटित. दोन बाया एका घरात राहून मुलं वाढवतात, हे त्या काळच्या टीव्हीवर धाडसाचंच होतं. १९६८ पासूनच्या ‘हिअर्स ल्युसी’मध्ये तिची खरी मुलगी आणि खरा मुलगा तिच्याबरोबर होते. १९७२ मध्ये बर्फावर घसरताना तिचा पाय मोडला. तिनं काय करावं? प्लॅस्टरसकट काम केलं आणि कथेतच पाय मोडून घेतला!

सगळंच गोड झालं असं नाही. १९७४ च्या ‘मेम’ या सिनेमावर टीकाकार तुटून पडले. १९८५ मध्ये तिनं टीव्हीवर रस्त्यावर राहणाऱ्या निराधार म्हातारीची गंभीर भूमिका केली. १९८६ मध्ये, पंच्याहत्तरीत, तिची नवी विनोदी मालिका आली आणि आठच भागांत बंद पडली. त्याच डिसेंबरात देसी कर्करोगानं गेला. काही दिवसांतच राजधानीत तिचा मोठा सन्मान झाला. तेव्हा देसीनं मरणापूर्वी तिच्यासाठी लिहून ठेवलेलं कौतुक तिथे वाचून दाखवलं गेलं. मालिकेचं जवळजवळ सगळं श्रेय त्यानं तिला दिलं होतं. घटस्फोट होऊन २६ वर्षं झाली होती. काही नाती कागदावर संपतात, मनात संपत नाहीत.

२६ एप्रिल १९८९ ला, वयाच्या ७७ व्या वर्षी, हृदयाची मोठी रक्तवाहिनी फुटून ल्युसी गेली. महिनाभर आधीच ती ऑस्करच्या मंचावर येऊन गेली होती. पुढे २००२ मध्ये तिच्या अस्थी जेम्सटाउनला, माहेरच्या माणसांजवळ आणल्या गेल्या.

तिचं बालपण जिथे गेलं त्या सेलोरोन गावात २००९ मध्ये तिचा पुतळा बसवला. तो इतका भेसूर निघाला, की लोकांनी त्याला भीतीदायक ल्युसी असंच नाव ठेवलं. ही आमची ल्युसी नव्हे, म्हणून गावकऱ्यांनी आणि चाहत्यांनी धोशा लावला. अखेर ६ ऑगस्ट २०१६ ला, तिच्या वाढदिवशी, तिथे नवा पुतळा उभा राहिला, हसरा, तिच्यासारखा दिसणारा. जिच्या लहानपणी आरसा बघायला बंदी होती, तिचा चेहरा अख्ख्या जगाला इतका पाठ झाला होता, की जराही बिघडलेला खपला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा चाळीस, पन्नास जे काही पूर्ण करत असाल, त्या दिवशी गुडघ्याला तेल जरूर लावा. पण मनात एखादं राहून गेलेलं काम असेल, तर तेही त्याच दिवशी बाहेर काढा. आणि त्यातून चार पैसे येणार असतील, तर मालकीचा कागद आधी आपल्या नावावर करून घ्या!